दंड कुणाच्या खिशातनं जातो?
कोल्हापुरात जयंती नाल्याचं सांडपाणी परत बंधाऱ्यावरनं उतू जाऊन पंचगंगेत, आणि बातमीखाली कमेंटमध्ये सगळ्यांची मागणी एकच, महापालिकेला दंड ठोका. अहो पण दंड भरणार महापालिका, म्हणजे तुमच्या-आमच्या घरफाळ्यातनंच की! अधिकाऱ्याच्या पगारातनं रुपया तरी जातोय का?

मूळ गोष्ट साधी आहे, नाल्यावर सांडपाणी अडवायचं, पंपानं उपसायचं आणि कसबा बावड्याच्या ७६ एमएलडीच्या (म्हणजे दिवसाला ७६ दशलक्ष लिटरच्या) सांडपाणी शुद्धीकरण प्लांटला पाठवायचं, मग पंप बंद पडला किंवा लाईट गेली की पाणी काय थांबून राहतंय होय, ते बंधाऱ्यावरनं सरळ नदीत. पावसाळ्यात तर विचारूच नका. म्हणून माझं म्हणणं, पंपाचं लॉगबुक रोज ऑनलाईन टाका. कुठला पंप किती तास बंद, जनरेटर चालू केला का, किती वाजता ओव्हरफ्लो सुरू झाला, आणि ड्युटीवर कोण होतं तेपण. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात कलम ४ आहे, कुणी अर्ज करायच्या आधी स्वतःहून माहिती द्यायची म्हणून. मग आम्ही अर्ज घेऊन हेलपाटे का घालायचे?

आणि आपण वरचे लोक नाक दाबून पुलावरनं निघून जातो, खाली इचलकरंजी आहे, शिरोळ आहे, पार नरसोबाच्या वाडीपर्यंत हेच पाणी. इचलकरंजीतली २०१२ ची काविळीची साथ विसरलासा व्हय? ओव्हरफ्लो झाला की निदान खालच्या गावांना मेसेज तरी टाका, व्हॉट्सअॅपला काय पैसे पडत नाहीत.