सरांचं गेट आणि ३१ मिलिमीटर

बाळ्याच्या ओंकारला दहावीला गणितात ३६ पडले हे कट्ट्यावर निकालाच्या दुपारीच कळलं होतं. पण त्यावर तोंड उघडायला आम्ही आयटीआयचे फॉर्म भरायची वेळ येईपर्यंत थांबलो, एवढी माणुसकी अजून आमच्यात शिल्लक आहे.

कट्टा म्हणजे भोसरी एमआयडीसीतल्या एका जुन्या वजनकाट्याचा ओटा. काटा बंद, समोरची टपरी चालू. काल रात्री साडेआठला नेहमीचीच मंडळी. आबा (रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण बोलताना हात अजून मिलिंगचं हँडल फिरवल्यासारखा फिरतो), सीएनसीवाला (म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचा) पिंट्या, फॅब्रिकेशनवाले रफिकभाई, बाळ्या, मी आणि आमचे प्रोफेसर. प्रोफेसर म्हणजे देसाई सर. ते कुठल्याही कॉलेजात प्रोफेसर नाहीत, दोन खोल्यांचा दहावीचा क्लास आहे. पण फ्लेक्सवर त्यांनी स्वतःच्या नावाआधी 'प्रो.' छापलं तेव्हापासून आम्ही तो मान राखतो.

बाळ्या म्हणाला, "घरात दोन पार्ट्या झाल्यात. बायको म्हणते डिप्लोमा, पोरगं म्हणतं टर्नर. आणि मला दोघं विचारतात तुम्ही काहीतरी बोला की."

"ते गणितात वीस मार्क पडले तरी पोरांना पुढं ढकलणार होते ना, त्याचं काय झालं?" पिंट्या.

"तसं असतं तर आमच्या पोराने १६ मार्कांचा अभ्यास फुकट केला म्हणायचं."

सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. ग्लास खाली ठेवला की समजायचं तास सुरू झाला. "बाळासाहेब, बघा हं, पाया कच्चा आहे." हे सरांचं आवडतं वाक्य. पोरगं नापास झालं तरी पाया कच्चा, सरकार पडलं तरी पाया कच्चा, गेल्या वर्षी पिंट्याचं लग्न मोडलं तेव्हासुद्धा सर हेच बोलले होते आणि पिंट्या तीन आठवडे कट्ट्यावर आला नव्हता. "सहा महिने माझ्याकडे बसवा. बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती, मूलभूत संकल्पना पक्क्या करू. मग टर्नर काय नि बिर्नर काय."

पिंट्याला तेवढंच पाहिजे होतं. "सर कशाला पाहिजे हो त्रिकोणमिती? आता सगळं मशीन करतं. प्रोग्रॅम वरून तयार येतो, मी जॉब लावतो, सायकल स्टार्ट दाबतो, मोबाईल बघतो. गणित काय ते कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम बनवणारा कॅमवाला करतो."

रफिकभाई तोपर्यंत गप्पच होते. शांतपणे म्हणाले, "पगार पण कॅमवालाच घेतो."

पिंट्याचा चेहरा बघून मला राहवलं नाही, मी ४२ शाफ्टांची आठवण काढली. ऑफसेटमध्ये (मशीनला द्यायची मापाची दुरुस्ती) ०.०५ टाकायचे तिथे ह्याने ०.५ टाकले होते, सगळे शाफ्ट जवळजवळ अर्धा मिलिमीटर बारीक, बाद मालाच्या रेड बिनमध्ये ओळीने झोपलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. जास्त राहिलेलं मटेरियल परत कापता येतं, कमी झालेलं कोण चिकटवणार? (पहिला पीस चेक करायला क्वालिटीतून कुणी गेलं नव्हतं आणि क्वालिटीत त्या शिफ्टला मीच होतो, ते असो.)

"एक शून्य गेला रे फक्त," पिंट्या म्हणाला. "आणि ते पॉइंटचं प्रकरण लय बेकार असतं. काही कंट्रोलवर पॉइंट द्यायचा राहिला की १० चे डायरेक्ट १० मायक्रॉन होतात, माहितीय का? हे शाळेत कोण सांगतं?"

"पॉइंट कुठं द्यायचा ते पाचवीत सांगतात पिंट्या," रफिकभाई. "तू त्या दिवशी आला नसशील."

मग आबा सुरू झाले. आबा नववी नापास. त्यांच्या काळची पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, सगळं तोंडपाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा हे कट्ट्यावर फक्त आबांना येतं आणि ते दर दोन महिन्यांनी म्हणून दाखवतात, कुणी मागितलेला नसतो. २०१९ ला ते दुसरीच्या पुस्तकातलं एकवीस-बावीसला 'वीस एक, वीस दोन' म्हणायचं निघालं होतं तेव्हा सर त्याच्या बाजूने आणि आबा विरोधात होते, ते भांडण अजून मिटलेलं नाही. सर काहीही बोलले की आबा हळूच "साठ तीन" म्हणतात आणि तंबाखू मळायला लागतात.

"मला दोन तृतीयांश शाळेत कळलंच नाही," आबा म्हणाले. "मास्तर फळ्यावर भाकरी काढायचे, तीन भाग करायचे, दोन रंगवायचे. आता आमच्या घरी भाकरीचे तीन भाग कुणी करतच नव्हतं. अख्खी, नाहीतर अर्धी, नाहीतर चतकोर. तिसरा भाग कुणाचा ते समजेना. मग कामाला लागलो, उस्तादाने डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे जॉब सारख्या भागांत फिरवायच्या यंत्रावर, उभं केलं. चोवीस दातांचं गिअर. हँडल चाळीस वेळा फिरवलं की जॉब एकदा फिरतो. मग चाळीसला चोवीसनं भाग. एक पूर्ण आणि दोन तृतीयांश. मी म्हटलं, दोन तृतीयांश हँडल फिरवू कसं? उस्ताद म्हणाला, प्लेटवर भोकं कशाला दिलीत, अठरा भोकांचं वर्तुळ धर आणि बारा भोकं पुढं जा. एक फेरा नि बारा भोकं. एक फेरा नि बारा भोकं. त्या दिवशी कळलं ती भाकरी काय होती."

"आणि मध्येच कुणी तंबाखू मागितली तर?"

"तर शेवटचा दात जाड."

हसणं झाल्यावर बाळ्या जरा सिरियस झाला. "खरं सांगू का, मी आयटीआय केलं ना, आम्हाला वर्कशॉप कॅल्क्युलेशन म्हणून विषयच होता. कटिंग स्पीड, आरपीएम, टेपर, वजन, सगळं होतं पुस्तकात. पण मास्तर गणित घालायचे वरच्या मजल्यावर आणि लेथ खाली शेडमध्ये. दोघांची ओळख कुणी करूनच दिली नाही. मी फॉर्म्युले पाठ करून पास झालो आणि कामावर लागल्यावर फोरमन म्हणाला एम १० चा टॅप मारायचाय, ड्रिल आण, तर मी दहाचंच आणलं."

आता हे आम्ही ह्याच्या आधी शंभर वेळा ऐकलंय तरी आबांना ठसका लागला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार, दहाचं भोक पाडलं तर आटे पडणार कशात? दोन आट्यांमधलं अंतर दीडचं असतं, दहातून दीड गेले, साडेआठचं ड्रिल. वजाबाकी आहे, दुसरीतली. फोरमनने बाळ्याला दिवसभर दहाच्या भोकात एम १० चा बोल्ट वरून खाली टाकायला लावला होता.

"म्हणजे शाळा फालतूच ना," पिंट्या परत उचलून आला. "आबा नववी नापास, पण गिअर कापले. बाळ्याभाऊ पास, पण ड्रिल चुकलं. गणित हातात असतं, डोक्यात नसतं."

मला वाटलं रफिकभाई ह्याला हो म्हणतील, मीपण मान हलवायच्या तयारीत होतो. पण ते एकदम चिडले. "हे असलं पोरासमोर बोलू नको. माझ्याकडे एक जण अकरा वर्षं आहे. वेल्डिंग असं मारतो की मला जमत नाही, मी ग्राइंडर पण लावत नाही त्याच्या कामावर. पण पावणेसात फुटाचा मध्य काढ म्हटलं की टेप घेऊन माझ्याकडे बघतो. सूत (इंचाचा आठवा भाग) कळत नाही, अर्ध्याचं अर्धं कळत नाही. त्याच्या हाताखाली आलेली दोन पोरं आज स्वतः कॉन्ट्रॅक्ट घेतात. हा अजून हेल्पर. हात सोन्याचा आहे, पण मापं दुसरा काढतो आणि दुसराच बिल करतो."

कुणी काही बोललं नाही. टपरीवाल्याने मध्येच कुणाला बनमस्का पाहिजे का विचारलं, तेवढंच.

सरांना वाटलं रफिकभाई आपल्या पार्टीत आले. "तेच तर मी म्हणतोय! पाया! संकल्पना!"

"थांबा सर. तुम्हाला एक विचारतो. टाकी करायची आहे गोल. आतला डाया १०००. प्लेट १० एमएमची. रोल करायला प्लेट किती लांब कापू?"

सर हसले. बोटाने हवेत पाय (π) काढला. "व्यास गुणिले पाय. ३१४१.५९२६. हवं तर अजून पुढे सांगतो."

"कापली," रफिकभाई म्हणाले. "रोल केली. मध्ये ३१ एमएमची फट राहिली. आता?"

सर गप्प. मग रफिकभाईंनी सांगितलं की हे कोडं नाही, त्यांनी स्वतः वयाच्या एकोणिसाव्या वर्षी असंच केलं होतं. सव्वा मीटर रुंदीची प्लेट, तीनशे किलोच्या वर माल, आणि दोन टोकं एकमेकांकडे बघत उभी, मिळायला तयार नाहीत. आतला डाया धरला की चूक, बाहेरचा धरला की पण चूक. प्लेट वाकताना बाहेरून ताणते, आतून दबते, लांबी तेवढीच राहते ती मधल्या रेषेवर. म्हणून आतला डाया अधिक एक जाडी, मग पाय. १०१० गुणिले ३.१४१६, झाले ३१७३.

"हां हां, न्यूट्रल ॲक्सिस," सर म्हणाले. "ते मला माहितीच आहे, तुम्ही प्रश्न नीट मांडला नाही."

"प्रश्न असाच येतो सर. कागदावर डाया नि जाडी, बाकी तुमचं तुम्ही. तुमचं उत्तर चार पॉइंटपर्यंत बरोबर होतं आणि ३१ मिलिमीटरने चूक होतं. मी बावीस सप्तमांश धरला असता तर सव्वा एमएम इकडचं तिकडं झालं असतं, वेल्डमध्ये मेलं असतं. जाडी विसरलो म्हणून प्लेट गेली. कुठली चूक पोटात घालता येते आणि कुठली येत नाही, ते मला ओंकारला शिकवायचंय. बाकी तुमचे सहा महिने तुमच्याकडे."

आबा म्हणाले, "साठ तीन."

इथे खरं तर विषय संपला असता. पण सर दुखावले होते आणि दुखावलेला माणूस जुनं काढतो. "भाई, एवढं गणित येतं तर माझं गेट का बसलं नाही? तीन वर्षं झाली, वरती अडकतं म्हणून तुमच्या पोरांनी घासून कापलं आणि आता बाजूला खाली एवढी फट आहे. रोज मांजर आत येतं. माझ्या स्कूटरवर झोपतं."

गेटचं नाव निघालं की कट्टा सरसावून बसतो. रफिकभाई म्हणाले माप तुम्ही दिलं होतं, फोनवर. सर म्हणाले दहा फूट दिलं होतं आणि दहा फूटच आहे. रफिकभाई म्हणाले कुठं मोजलं होतं, वर का खाली? सर म्हणाले गेटला वर-खाली काय असतं, आयत आहे आयत, समोरासमोरच्या बाजू समान. पिंट्या म्हणाला चला बघूनच येऊ. म्हणून रात्री पावणेदहाला तीन गाड्यांवर सहा माणसं सरांच्या घरी. ओंकारला बाळ्याने वाटेतून उचललं, म्हणाला हा तुझा एंट्रन्स.

सरांच्या गेटवर मांजर होतंच. स्कूटरवरून आमच्याकडे वैतागून बघत होतं.

मोबाईलच्या टॉर्चमध्ये रफिकभाईंनी टेप ओढला, खालचं माप बरोबर दहा फूट. सर आमच्याकडे बघून मान डोलवायला लागले. "आता वर धर रे ओंकार, वाच."

ओंकारने टेप धरला, डोळे बारीक केले आणि मोठ्याने म्हणाला, "तीनशे एक!"

"तीनशे एक इंच?" सर ओरडले. "पंचवीस फूट? गेट आहे का टोलनाका?"

पोरगं सेंटीमीटरची बाजू वाचत होतं. बाळ्याने कपाळाला हात लावला. रफिकभाई म्हणाले काही हरकत नाही, टेपला दोन बाजू असतात हे आज कळलं, फी लागली नाही. आता इंच वाच. नऊ फूट साडेदहा इंच. म्हणजे वरती दीड इंच कमी.

मग कर्ण मारले. एक ११ फूट २ इंच, दुसरा ११ फूट पाऊण इंच. सव्वा इंचाचा फरक. सर टेपकडे बघत राहिले. वीस वर्षं पायथागोरस शिकवणारा माणूस, घराचं गेट गुण्यात (काटकोनात) नाही. आबांनी खिशातून दोरा काढला (का होता देव जाणे), त्याला बाळ्याच्या गाडीतला नट बांधला आणि खांबाला ओळंबा लावला. डावा खांब सरळ. उजवा वरच्या बाजूने आत झुकलेला, दोऱ्यात नि खांबात वरपासून खालपर्यंत फट वाढत गेलेली स्पष्ट दिसत होती, बुडाशी दीड इंच.

रफिकभाईंनी खांबाच्या बुडाशी टॉर्च मारला. तिथे प्लास्टरला तडा. मग उभे राहिले, घसा खाकरला, सरांच्याच आवाजात, सरांच्याच ठेक्यात म्हणाले, "बघा हं सर, पाया कच्चा आहे."

पिंट्या रस्त्यावर बसला हसून हसून. वहिनी गॅलरीत आल्या, कोण गेलं का विचारायला. सर पण शेवटी हसले, हसता हसता अचानक थांबले आणि म्हणाले, "पण हे खांब बांधले कुणी होते? बाळासाहेब, तुमचा तो मेव्हणा ना..."

बाळ्या तोपर्यंत गाडीला किक मारून कोपऱ्यावर पोहोचला होता. नट पण तसाच दोऱ्याला राहिला.