पार्क फुकट, म्हणे!

आज सकाळी सव्वासातला, चहा गॅसवर असताना, घरच्या ग्रुपवर भावोजींनी एक जाहिरात टाकली. 'एक रात्र राहा, दोन दिवस वॉटर पार्क फुकट!' खाली निळ्याशार पाण्यात हात वर करून किंचाळणारं चौकोनी कुटुंब. दहा मिनिटांत अकरा अंगठे. जाऊबाईंनी तर 'चला चला चला' लिहून वर नाचणारी बाई टाकली. माझा चहा उतू गेला.

फुकट?

अकरा वर्षं मी एका ट्रॅव्हल कंपनीत ग्रुप बुकिंग बघितलंय. शाळांच्या सहली, कंपन्यांच्या ऑफसाइट, लग्नाची वऱ्हाडं. हा 'फुकट' कुठे शिजतो ते मला विचारा. खोलीचं भाडं, नाश्ता आणि एक जेवण, म्हणजे आमच्या भाषेत एमएपी, आणि पार्कची तिकिटं असं सगळं एकाच पातेल्यात घालायचं. मग गिऱ्हाइकाला ज्याची हाव आहे त्याच्यावर 'फुकट'ची चिठ्ठी चिकटवायची. जुलैत हीच जाहिरात उलटी येते, पार्कचं तिकीट काढा आणि खोली अर्ध्या दरात. पातेलं तेच. आणि 'दोन दिवस' कसले? पार्क उघडतं सकाळी साडेदहाला, खोली मिळते दुपारी दोनला. म्हणजे पहिले साडेतीन तास सामान क्लोक रूममध्ये. दुसऱ्या दिवशी अकराला खोली सोडायची. मग भिजायचं, आणि ओले कपडे कॅरीबॅगेत कोंबून घरापर्यंत गाडीत तो वास.

माझा राग मात्र पैशांचा नाही. माझ्या डोळ्यांपुढे आण्णा येतात, पोरांचे आजोबा.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही नऊजण असल्याच एका ठिकाणी गेलो होतो. नाव घेत नाही, घेऊन काही होणार नाही. आण्णा तेव्हा शहात्तर वर्षांचे. तासगावकडे आमची द्राक्षबाग आहे, त्या बागेतल्या विहिरीवर आण्णांनी अर्ध्या गावाची पोरं पोहायला शिकवलीत. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि द्यायचं ढकलून. मीही तशीच शिकले. काठावरून पळत येऊन मुटका मारावा तर आण्णांनी. पाणी पार विहिरीच्या काठावर उडायचं.

तर ह्या माणसाला गेटवरच अडवलं. पहिल्यांदा पिशवी उघडली. आईने पहाटे उठून केलेली धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी असलेला डबा काढून घेतला, त्याला टोकन लावलं, 'जाताना घेऊन जा काका.' मग कॉस्च्युम. सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनच पाहिजे. भाड्याने मिळतं, वर डिपॉझिट. आण्णांना जी चड्डी हातात दिली ती गुडघ्याच्या चांगली वर. सुनेसमोर हे घालू? आण्णा काही बोलले नाहीत. चड्डी घडी घालून काउंटरवर परत ठेवली आणि म्हणाले, "जावा तुमी. मी हाय हितं."

दिवसभर छत्रीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत, लेंगा-सदरा-टोपीत, मनगटाला आमच्या लॉकरची किल्ली आणि मांडीवर नऊ जणांचे टॉवेल. तिकीट? तिकीट होतंच की. ज्येष्ठ नागरिक म्हणून थोडं कमी.

ही सगळी यंत्रणा कुठून आली ते एकदा बघा. १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं तेव्हा वॉल्ट डिस्नेकडे हॉटेल बांधायला पैसेच उरले नव्हते. शेजारी 'डिस्नेलँड हॉटेल' नावाचं हॉटेल उभं राहिलं तेही दुसऱ्याच माणसाने बांधलं. ते कंपनीच्या ताब्यात यायला १९८८ उजाडलं. पार्कच्या भोवती मोटेलं उगवली. पोरं खेळायची ह्याच्याकडे आणि झोपायची, जेवायची भलतीकडे. रान ह्याचं, पण बांधावरचे आंबे शेजाऱ्याचे. वॉल्टबाबाजींना ते इतकं लागलं की पुढे फ्लोरिडात त्यांनी वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून गुपचूप सुमारे सत्तावीस हजार एकर जमीन घेतली. बांधच लांब नेऊन ठेवला! ते स्वतः १९६६ मध्ये गेले, पण १९७१ च्या ऑक्टोबरात तिथल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डची दारं उघडली ती दोन हॉटेलं बरोबर घेऊनच. १९७६ ला पाणी आलं, म्हणजे पहिलं वॉटर पार्क, रिव्हर कंट्री. मग १९८९ ला टायफून लगून, १९९५ ला ब्लिझार्ड बीच. एक पार्क बघून झाला की माणूस सामान बांधायला लागतो. त्याला पाणी दाखवलं की म्हणतो, उद्या जाऊ. त्या 'उद्या'ची किंमत म्हणजे एक खोली, दोन जेवणं, एक नाश्ता.

आपल्याकडेही तेच. गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये आलं, वॉटर किंगडम १९९८ मध्ये. ती जाहिरात आठवते ना, ज्यात पोरगं घरी जायलाच तयार नसतं? आम्ही गाणं म्हणून हसलो, रिसॉर्टवाल्यांनी तो धंद्याचा आराखडा म्हणून वाचला असणार. वंडरलाचं बंगळुरूचं पार्क २००५ चं, रिसॉर्ट २०१२ मध्ये आलं. खोपोलीचं इमॅजिका बघा. एप्रिल २०१३ मध्ये थीम पार्क, २०१४ मध्ये वॉटर पार्क, २०१५ मध्ये नोव्होटेल. वर्षाला एक पायरी. जागाच अशी, की मुंबईहूनही दीड-दोन तास आणि पुण्याहूनही. सकाळी निघालेला माणूस रात्री घरी आमटीभात खाऊ शकतो, आणि नेमकं हेच त्यांना परवडत नाही. कोट्यवधींचा रोलरकोस्टर सहाला बंद होतो, पण त्याचं कर्ज रात्रीही चालू असतं. एवढं करूनही ते कर्जात रुतलेच. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणींनी घेतलं ते. हो, तेच गाय छाप जर्दावाले. ज्यांची पुडी आमच्या गावात प्रत्येक सदऱ्याच्या खिशात, त्यांच्या पार्कात आता त्याच सदरेवाल्यांची नातवंडं घसरगुंडी खेळतात. (आमचा प्रकार त्यांच्याकडचा नाही, उगाच कुणी कॉमेंटमध्ये सुरू होऊ नका.)

आणि पाणीच का? एक तर आपला मे. बेचाळीस डिग्रीत तापलेल्या लोखंडी राइडवर कोण बसतंय? उन्हाळ्याच्या सुट्टीवर ह्या लोकांची वर्षाची सगळ्यात मोठी कमाई असते. दुसरं म्हणजे पाळणा तीन मिनिटांत संपतो, पुढे पाऊण तास रांग. पाण्यात रांग नसते. एका मोठ्या लाटांच्या तलावात चारशे माणसं सोडून दिली की चार तास बघायला नको. आणि तिसरं, भूक. पाण्यातून बाहेर आलेलं पोर काय खातं ते आयांना विचारा. ओल्या चड्डीला खिसा नाही, म्हणून मनगटी पट्ट्यात पैसे आधीच भरलेले. नोट मोडताना जी कळ येते ती पट्टा टेकवताना येत नाही. माझ्या पोराने त्या दिवशी तीन वेळा मॅगी खाल्ली. आणि आईची धपाटी टोकन लावून शंभर फुटांवर पडलेली.

लिहिता लिहिता परत चिडले मी. थांबा, पाणी पिऊन येते.

हं. तर शिकागोचा माझा चुलतभाऊ दरवर्षी जानेवारीत पोरांना घेऊन विस्कॉन्सिन डेल्सला जातो. बाहेर उणे दहा, आणि आत छताखाली वॉटर पार्क, एकोणतीस-तीस अंश. त्यातल्या काही ठिकाणी तर हॉटेलच म्हणजे पार्क. तो म्हणतो, "ताई, पाच महिने पोरं घरात कोंडलेली असतात, तू नको शिकवूस." बरं बाबा, नाही शिकवत. पटलं मला ते. आणि आणखी एक कबूल करते, म्हणजे तुम्ही खाली लिहायच्या आत. विहिरी काही गोकुळ नव्हत्या. दर उन्हाळ्यात कुठलं ना कुठलं पोर जायचं, आजही जातं. पार्कात निदान शिट्टी घेऊन माणूस उभा असतो.

पण शहात्तर वर्षांचा पोहणारा माणूस काठावर टॉवेल सांभाळत बसतो, ह्याचं काय? त्यांच्या हिशेबात आण्णा म्हणजे काय होते? 'नॉन-रायडर', म्हणजे नुसता बरोबर आलेला, राइडवर न बसणारा. मीच तो शब्द कित्येक कोटेशनांत टाइप केलाय. पंचेचाळीस विद्यार्थी, तीन शिक्षक, दोन नॉन-रायडर. आधी कधी खटकला नव्हता.

आता पुढचं सांगते, जे मी रागात नेहमी गाळते. माझा नवरा ही गोष्ट ऐकताना ह्याच जागी खाकरतो.

दुपारी तीनला खुर्ची रिकामी. टॉवेल घडी घालून ठेवलेले, आण्णा गायब, किल्ली आण्णांबरोबर. आमची पळापळ. लाउडस्पीकरवरून नाव पुकारलं. पाऊण तासाने आण्णा लाटांच्या तलावाच्या मागच्या बाजूने, 'कर्मचाऱ्यांसाठी' लिहिलेल्या दारातून बाहेर आले. बरोबर निळ्या गणवेशातला एक पोरगा. जत तालुक्यातला, आयटीआय झालेला, तिथे पंप ऑपरेटर. चहा प्यायला बाहेर आला होता, आण्णांनी त्याच्या बोलण्यावरून गाव ओळखलं आणि निघाले त्याच्या मागोमाग.

आण्णांचा चेहरा असा होता की मला ओरडताच येईना.

"आगं, आपल्या ड्रिपला हाय तसलाच सँड फिल्टर, नुसता हत्तीएवढा! रोज रातीला बॅकवॉश मारत्यात, उलटं पाणी सोडून धुत्यात. आनि लाटा कशा करत्यात म्हाईत हाय? मोटर न्हाई पाण्यात. भिंतीमागं हवंचं ब्लोअर हायत. हवा दाबायची, सोडायची. दाबायची, सोडायची. बास!" मग हाताने लाट करून दाखवली. मग सुती कपड्यांचंही सांगितलं, की धागे सुटतात आणि फिल्टर बसतो, "नियम बराबर हाय त्येंचा." म्हणजे ज्या नियमापायी मी गेटवर भांडले, तो आण्णांनी तिकडून पटवून घेऊन आणला होता.

त्या जतच्या पोराच्या गावात तेव्हा टँकर चालू होता. हेही आण्णांनीच सांगितलं. पार्कवाले म्हणतात पाणी फिरवून फिरवून वापरतो, आणि ते खरंही आहे, पण उडालेलं, वाफ झालेलं, बॅकवॉशला गेलेलं रोज भरावं लागतंच. पोरगा महिन्याला घरी पैसे पाठवतो, आणि फोनवर आईला विचारतो टँकर आला का. ह्यावर मी काय लिहू? आण्णाही त्यावर काही बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "हुशार हाय पोरगं."

रात्री बुफेत आण्णांनी दोन पोळ्या आणि दहीभात खाल्ला, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी गृहस्थांना ब्लोअर समजावला, आणि एसी बंद करून, खिडकी उघडून झोपले. गादी मऊ आहे म्हणून जमिनीवर. पार्क बंद होताना टोकन देऊन डबा सोडवून आणला होता, त्यातली धपाटी आम्ही खोलीतच रात्री अकराला खाल्ली, कारण पोरांना परत भूक लागली होती. नऊ माणसं, तीन खाटांवर, चटणी चादरीवर सांडलेली. त्या सगळ्या सहलीतलं पोरांना आज तेवढंच आठवतं, ते आणि हरवलेले आजोबा.

म्हणून काय, ते पॅकेज चांगलं होतं असं नाही. डिपॉझिटचे पैसे परत घ्यायला आम्ही पस्तीस मिनिटं रांगेत उभे होतो, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

तर आज सकाळी ग्रुपवर मी मोठ्ठा मेसेज टाइप केला होता. एमएपी, नेट रेट म्हणजे एजंटांना मिळणारा आतला दर, 'फुकट' कसं नसतं, सगळं. पाठवायच्या आत आण्णांचा व्हॉइस मेसेज आला. आता अठ्ठ्याहत्तर. मागे कोंबडा ओरडतोय, आणि आण्णा म्हणतात, "जाऊया की. पर हे न्हवं, त्याच जागी. त्या पोराला इचारायचं हाय, ब्लोअर बदलणार हुते, बदललं का. आनि आवंदा मीबी उतरनार पाण्यात. त्यो म्हनला हुता, नायलॉनचं असलं म्हंजे झालं, लेंगा आसना का चड्डी. शिंप्याला सांगितलंय मी. कापड तेवढं धाड पुण्यास्नं."

माझा मेसेज मी पुसला. भावोजींना फोन केला आणि म्हटलं बुकिंग तुम्ही करू नका, मी करते, जुन्या ओळखीत नेट रेट मिळेल.

आता मुद्द्याचं. पुण्यात नायलॉनचं कापड मीटरवर कुठे मिळतं? रविवार पेठेत विचारू का? लेंग्याला अडीच-तीन मीटर लागेल. फिकट रंग नको म्हणालेत, ओला झाल्यावर अंगाला चिकटून दिसतो. नेव्ही ब्लू किंवा काळा. कुणाला दुकान माहीत असेल तर खाली लिहा, शनिवारी तासगावला गाडी जाणार आहे.