साहेब फर्स्ट एसीने येताहेत

नागपूर देशाच्या मधोमध आहे याचा आम्हाला कोण अभिमान! पण झिरो माइलच्या खांबाशेजारी फोटो काढताना एक गोष्ट कोणी बोलत नाही. मधोमध म्हणजे सगळ्यांपासून लांब. माणसांचं एक वेळ निभतं. पुरी-भाजीचा डबा घेतला, वरच्या बर्थवर जाऊन घोरत पडलं, की सकाळी मुंबई. ही लांबी खरी कळते ती सोबत लॅब्राडोर असला की.

आमच्या लॅब्राडोरचं नाव साहेब. पोराने हौसेने ठेवलं, मग पोरगा नोकरीला तिकडे गेला अन् साहेब इकडे राहिले. यंदा त्याने ठाण्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीचं निमंत्रण द्यायला फोन केला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "साहेबला आणाल ना?" आम्ही दोघंही यावं असं पुढे ओघाने आलंच.

समृद्धी महामार्ग पूर्ण झाल्यापासून कॉलनीत प्रत्येकाच्या खिशात एकच सल्ला असतो. "गाडी काढा न जी, ७०१ किलोमीटर तर आहे!" आहे ना. पण साहेब गाडीत मनसरच्या फाट्यापुढे टिकत नाहीत. रामटेकला जाताना फाटा आला की सकाळचं सगळं मागच्या सीटवर येतं, अन् रामटेक आमच्यापासून पन्नासेक किलोमीटर. पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा. विमानाच्या पोटात सामानासोबत पाठवायला ही तयार नाही. इंग्लंडातल्या भाचीने सांगितलं, तिकडून स्पेनला रात्रभराच्या बोटी जातात, त्यांत कुत्रेवाल्यांसाठी वेगळ्या केबिन असतात, डेकवर कुत्र्यांना पाय मोकळे करायला जागा राखून ठेवलेली असते. ऐकून बरं वाटलं. पण आमच्याकडे पाणी म्हणजे फुटाळा अन् अंबाझरी. दोन्हींतून ठाण्याला बोट सुटत नाही.

राहिली रेल्वे. तिचा नियम सरळ आहे. स्लीपर, थ्री टियर, टू टियर यांत मोठा कुत्रा नेता येत नाही. एक तर त्याला गार्डाच्या डब्यातल्या पेटीत ठेवा (गार्डाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, पेटीला मात्र पेटीच म्हणतात), नाही तर फर्स्ट एसीतला दोन बर्थचा कुपे किंवा चार बर्थची केबिन अख्खी आपल्या नावावर पाहिजे.

ही म्हणाली, "पेटीत तुम्ही जा."

म्हणजे कुपे. आता कुपे काही भाजीसारखा निवडून घेता येत नाही. तिकीट काढायचं, कुपे मिळावा म्हणून अर्ज द्यायचा अन् चार्ट लागायची वाट पाहायची. चार्ट लागल्याशिवाय कुत्र्याचं बुकिंग नाही, बुकिंगशिवाय कुत्रा जात नाही, कुत्र्याशिवाय ही जात नाही, अन् हिच्याशिवाय वास्तुशांत होईल असं म्हणायची आमच्या घरात कोणाची छाती नाही. चार्टमध्ये कुपे लागला तेव्हा मी जो आनंद व्यक्त केला तो बारावीच्या निकालालाही केला नव्हता.

त्याआधी डॉक्टरचा दाखला. लसीकरणाचं कार्ड अन् 'प्रवासास योग्य' असं सर्टिफिकेट, दोन्ही लागतात. साहेब वजनकाट्यावर पाय ठेवायला तयार नाहीत, म्हणून मी त्यांना उचलून उभा राहिलो, मग एकटा उभा राहिलो, डॉक्टरांनी वजाबाकी केली. साहेब ३८ किलो भरले. माझा आकडा डॉक्टरांनी मोठ्याने वाचला. बाहेर मांजर घेऊन बसलेल्या बाईंनी मान वर करून पाहिलं. "तुमच्यासाठी हा दाखला मागत नाहीत, नशीब समजा," डॉक्टर म्हणाले.

पार्सल ऑफिसातला माणूस भला होता. फॉर्म पुढे ओढून म्हणाला, "नाव सांगा."

"साहेब."

"मी काही साहेब नाही जी, क्लार्क आहो. कुत्र्याचं नाव काय?"

"साहेब."

त्याने पेन खाली ठेवलं अन् चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मागून ही म्हणाली, "अहो, नीट सांगा न त्यांना." काउंटरखालून साहेबांनी, आपलं नाव एवढ्या वेळा ऐकून, एकदाच भुंकून हजेरी लावली. प्रश्न मिटला. पावती हातात आली. एक कुत्रा, सामानाच्या दराने, मालकाच्या जबाबदारीवर. कागदावर साहेब सामान होते अन् आम्ही प्रवासी. गाडी सुटेपर्यंत मी यावर विश्वास ठेवून होतो.

प्लॅटफॉर्मवर तिकिटाशिवाय राहणारी कुत्री आम्हाला बघायला जमली. एवढे कागद असलेला जातभाई त्यांनी पाहिला नसावा. माणसांचा प्रश्न एकच. "भाऊ, हा चावते का?" हमालाने विचारला, चहावाल्याने विचारला, शेजारच्या केबिनमधल्या काकूंनी तर दोनदा. नाही म्हटलं की लोकांचा चेहरा पडतो हे माझ्या लक्षात आलं आहे.

आत गेल्यावर साहेबांनी कुपेचं निरीक्षण केलं अन् खालचा बर्थ घेतला. पांढऱ्या चादरीवर, उशीला डोकं लावून. "राहू द्या, घाबरलंय लेकरू," असं म्हणून ही वर चढली. मी पांघरूण घेऊन दोन बॅगांच्या मधे. साहेबांना झोपायला मालिकेतल्या सासवांचं रडणं लागतं. घरी हिच्यासोबत टीव्हीपुढे झोपायची सवय. म्हणून आधी हिच्या मोबाइलवर, मग माझ्या मोबाइलवर मालिका लावून ठेवली. चार्जर लावला होता. त्याची वायर बर्थवरून खाली लोंबकळत होती, साहेबांच्या तोंडाच्या बरोबर समोर. सासू रडत असताना त्यांनी ती शांतपणे चावून दोन तुकड्यांत ठेवली.

पण खरा प्रश्न वेगळा होता. साहेब शिस्तीचे आहेत. आमच्या कोपऱ्यावरची विजेची डीपी सोडून ते दुसरीकडे तंगडी वर करत नाहीत. त्यांच्यासाठी आणलेली वर्तमानपत्रं मी कुपेत पसरली. त्यांनी नीट हुंगली अन् अग्रलेखावर बसले. वर्ध्याला खाली उतरवलं. पेटी हुंगली, पोतं हुंगलं, एका झोपलेल्या माणसाची चप्पल हुंगली, गाडीत परत. बडनेऱ्याला स्थानिक मंडळी भेटायला आली, ओळखी झाल्या, काम राहिलं. अकोल्याला मात्र खांब पसंत पडला. दोनदा प्रदक्षिणा झाली, पाय उचलला. मी श्वास रोखून उभा. तेवढ्यात टीसी आले. आयुष्यभराच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "नमस्कार साहेब!"

पाय खाली. शेपूट हलवत साहेब माझ्याजवळ हजर. टीसीही थांबले. दोघंही माझ्याकडे पाहत होते, अन् मला दोघांपैकी कोणालाच काही सांगायचं नव्हतं.

मग अकोल्यापासून भुसावळपर्यंत मी जागा. साहेब जागे. ही वरून अधूनमधून विचारायची, "झालं का?" शेजारच्या काकूही तेवढ्यात पॅसेजमधून विचारून गेल्या. भुसावळ आलं तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. गाडी इथे जरा जास्त थांबते, म्हणून अटेंडंटला डोळा ठेवायला सांगून आम्ही प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत गेलो. तिथे स्टेशनच्या नावाचा तो मोठा पिवळा फलक, दोन पायांवर उभा, खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली. साहेबांनी उंची वाचल्यासारखं केलं अन् पाय उचलला.

नागपूरपासूनचा साठा होता. इंजिनाने भोंगा दिला तरी संपेना. अटेंडंट दारातून हात हलवून राहिला होता, "या न जी, सुटून राहिली!" मी अर्धी बाटली पाणी फलकाच्या पायावर ओतलं अन् आम्ही पळालो. साहेब पुढे, मी मागे पट्ट्याला धरून. दारात आधी त्यांना वर घेतलं, मग मला.

त्यानंतर साहेब कल्याणपर्यंत घोरले. इगतपुरी कधी गेली, घाट कधी उतरलो, त्यांना पत्ता नाही. मला आहे.

ठाण्याला उतरलो तर पुलाखाली तिकीट तपासणी. एका हातात पट्टा, खांद्यावर बॅग, दुसऱ्या हातात अनारशांचा डबा. हिने मोबाइल काढला, बंद. मी काढला, बंद. दोघांची बॅटरी सासवांनी खाल्ली होती अन् वायर साहेबांनी. खिशात कागद म्हणून एकच होता, पार्सल ऑफिसची पावती. तीच पुढे केली.

"एक मिनिट हं, साहेब," मी म्हणालो. साहेब लगेच खाली बसले.

तपासनिसांनी पावती वाचली, कुत्र्याकडे पाहिलं, पुन्हा पावती वाचली.

"याचं बरोबर आहे," ते म्हणाले. "हा जाऊ शकतो. तुमची तिकिटं?"