म्हणे, पूर्वी कुणी रंग पाहत नसे

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्यात म्हटलंय, ‘जुन्या सिनेमात प्रतिनिधित्वाचं, म्हणजे सगळ्या वर्णांची माणसं पडद्यावर दिसावीत याचं, खूळ नव्हतं. १९६७चा “इन द हीट ऑफ द नाइट” बघा. नायक काळा, पण कुणी बाऊ केला नाही. गोष्ट खुनाची होती, रंगाची नव्हे. गुणवत्ता होती, म्हणून पाच ऑस्कर मिळाले.’ सिनेमा झकासच आहे, पण उदाहरण नेमकं अंगाशी येणारं निवडलंय.

‘गोष्ट रंगाची नव्हे.’ अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्यातल्या एका गावात उद्योगपतीचा खून होतो आणि पोलीस रेल्वे स्टेशनवर बसलेल्या एका माणसाला उचलतात. पुरावा काय, तर तो काळा आहे आणि त्याच्या पाकिटात पैसे आहेत. एवढे पैसे काळ्या माणसाकडे प्रामाणिकपणे येतीलच कसे, हे गावच्या पोलीसप्रमुखाचं तर्कशास्त्र. तो माणूस निघतो फिलाडेल्फियाचा खून-तपासातला तज्ज्ञ, व्हर्जिल टिब्ज. पुढे एंडिकॉट हा गोरा मळेवाला त्याच्या थोबाडीत मारतो आणि टिब्ज तत्क्षणी परतफेड करतो. ‘आता तू काय करणार?’ असं एंडिकॉट पोलीसप्रमुखाला विचारतो, तर त्याला उत्तर सुचत नाही. यातून रंग काढा आणि उरलेली गोष्ट सांगून दाखवा.

‘कुणी बाऊ केला नाही.’ टिब्ज झालेले सिडनी पॉइटिए १९६४ मध्ये गायक-अभिनेते हॅरी बेलाफाँटे यांच्याबरोबर काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीसाठी पैसे घेऊन मिसिसिपीत गेले होते, तेव्हा कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांनी त्यांच्या गाडीचा पाठलाग केला. त्यामुळे या सिनेमासाठी दक्षिणेत जायला ते तयार नव्हते. बहुतेक शूटिंग झालं उत्तरेकडच्या इलिनॉयमध्ये. कापसाच्या शेतांसाठी तेवढा दक्षिणेतल्या टेनेसीत जेमतेम मुक्काम. पडद्यावरचं मिसिसिपी मिसिसिपीत चित्रित होऊ शकलं नाही, याला बाऊ नाही तर काय म्हणायचं?

कॅमेऱ्यालासुद्धा रंग दिसतच होता. रंगीत फिल्म आणि दिव्यांची सवय गोऱ्या चेहऱ्यांना बेतलेली. त्या झगझगाटात काळ्या त्वचेवर नको तिथे चकाकी यायची आणि चेहऱ्यावरचे बारकावे हरवायचे. छायालेखक हॅस्केल वेक्सलर यांनी पॉइटिएंसाठी प्रकाश मुद्दाम सौम्य केला. ‘रंग पाहिलाच नाही’ म्हणणाऱ्यांनी टिब्जचे क्लोज-अप पुन्हा बघावेत. रंग नीट पाहिला म्हणूनच ते तसे उतरलेत.

ऑस्करचं थोडक्यात. सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरले पोलीसप्रमुख झालेले रॉड स्टायगर. काम जबरदस्त, वाद नाही. पण त्या वर्षी तीन गाजलेले सिनेमे देणाऱ्या पॉइटिएंना साधं नामांकनही नव्हतं. आणि सोहळा दोन दिवस पुढे गेला होता, कारण ४ एप्रिल १९६८ला नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती.

उलट टोकाचं कौतुकही मला पटत नाही. एक काळा नायक आला म्हणून सगळं साधलं असं नव्हे. काळ्या स्त्रियांच्या वाट्याला इथे फार थोडं येतं. बीया रिचर्ड्ससारख्या अभिनेत्रीला जेमतेम एक प्रसंग. दिग्दर्शक आणि पटकथाकार गोरे. संगीत तेवढं क्विन्सी जोन्स या काळ्या संगीतकाराचं.

तरीही टिब्ज नुसता आदर्श पुतळा नाही. थोबाडीत खाल्ल्यावर एंडिकॉटला अडकवायची त्याला इतकी घाई होते की पुरावा मागे पडतो. तेव्हा तोच पोलीसप्रमुख त्याला म्हणतो, तूही आमच्यासारखाच निघालास की!