कीश, कीस आणि मेलेले मठ

आमच्या घरात 'काहीही चालेल' असं म्हणणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात काहीही चालत नाही. संध्याकाळी ह्यांना विचारावं, जेवायला काय करू? "काहीही चालेल." खिचडी टाकू? "का, कोणी आजारी आहे का?" शेवभाजी? "परवाच झाली ना." वरण-बट्टी? "एवढ्या उन्हात?" वीस वर्षांत मला कळलेलं आहे की 'काहीही' म्हणजे एक विशिष्ट पदार्थ असतो, त्याचं नाव ह्यांना आठवत नसतं, आणि ते शोधून काढणं हे माझं काम असतं.

त्यामुळे पुण्याहून सुट्टीला आलेली लेक जेव्हा म्हणाली, "मम्मी, कीश करू या ना, एकदम सोपी असते, आत काहीही चालतं," तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण मे महिना होता, नणंद धुळ्याहून दोन मुलांना घेऊन आलेली होती, रोज आठ जणांची दोन वेळची भाजी ठरवून मी टेकीला आले होते. एका पदार्थात पोळी, भाजी आणि दूधदुभतं सगळंच उरकत असेल तर कोणाला नको?

पहिला घोटाळा नावापासून. सासूबाईंनी 'कीस' ऐकलं. "एकादशीलेच कर मंग," त्या म्हणाल्या, आणि बटाटे काढायला उठल्यासुद्धा. मी सांगितलं की हा बटाट्याचा कीस नाही, ही फ्रान्सच्या लॉरेन भागातली कीश. मैद्याची पारी ताटलीत बसवायची, तिच्यात अंडी, दूध आणि साय फेटून ओतायची, वर भाज्या टाकून भट्टीत भाजायचं. मूळच्या कीशमध्ये तर डुकराचं मांस घालतात, हे मी सांगायला नको होतं. सासूबाईंनी बटाटे परत टोपलीत ठेवले आणि देवघरात निघून गेल्या. तिकडे मोबाइलवर कृती बघत ह्यांनी 'क्विची' असा उच्चार केला. लेकीनं सांगितलं की शब्द मूळचा जर्मन, केकला ते 'कुखेन' म्हणतात त्यावरून आलेला, म्हणून कीश. यावर नानांनी, म्हणजे सासऱ्यांनी, अर्धा तास शब्दाचा कीस पाडला. शेवटी घरात 'कीस'च रूढ झालं. जाऊ द्या.

आता पीठ. कीशच्या पिठाचं गणित साधं आहे: मैद्याच्या निम्मं लोणी. दोनशे ग्रॅमला शंभर. पण लोणी फ्रीजमधलं, दगडासारखं घट्ट पाहिजे. त्याचे तुकडे मैद्यात बोटांच्या टोकांनी चुरायचे, वितळू द्यायचे नाहीत. पुढे भट्टीत ते वितळतात, त्यांच्या जागी पापुद्रे सुटतात, त्यावर पारीची खुसखुशी अवलंबून. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळतं. मे महिन्यात अमळनेरला नळाचं पाणी त्याहून गरम येतं. मी दुपारी अकराला लोणी कापायला घेतलं. चौथ्या तुकड्याला सुरी आपोआप खाली गेली. दहाव्या तुकड्याला मला चमचा घ्यावा लागला.

नाना हे सगळं खुर्चीत बसून बघत होते. अमळनेरच्या माणसासमोर स्निग्ध पदार्थाविषयी अज्ञान दाखवू नये. आज संगणकामुळे जगभर नाव झालेली विप्रो १९४५ साली आमच्या गावात सुरू झाली ती वनस्पती तुपाच्या धंद्यानं, हे नाना येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पाणी यायच्या आत सांगतात. "ज्या गावानं देशाला वनस्पती तूप दिलं, तिथं तू लोण्याच्या मागे लागलीस! त्याला उन्हाचं काही होत नाही," ते म्हणाले. खरं सांगायचं तर मुद्दा बरोबर होता. वनस्पती तूप लोण्यापेक्षा जास्त ऊन सोसतं. पण लेक म्हणाली, चव येत नाही, आणि सुट्टीला आलेल्या लेकीपुढे कोणाचं चालतं?

मग दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गच्चीवर गेले. पाचला गच्ची थंड असते. पण रिकामी नसते. सासूबाई आणि शेजारच्या दोघी जणी तिथे आधीपासूनच ज्वारीचे बिबडे घालत होत्या. वाफाळतं पीठ, पाण्याचा हात, फडक्यावर गोल गोल थापटणं चाललेलं. मी एका कोपऱ्यात बर्फाच्या ताटावर परात ठेवून लोणी चुरत बसले. शेजारच्या काकूंनी बराच वेळ बघून विचारलं, "हाई काय शे वं?" मी म्हटलं, कीस. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी आभाळाकडे बघितलं.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. चार चमचे गार पाणी घालून गोळा कसाबसा एकत्र केला. या पिठाला मळायचं नसतं. जेवढं मळाल तेवढा मैद्याला चिवटपणा येतो, आणि मग पारी भट्टीत आक्रसते. गोळा भेगाळलेला, कोरडा, अगदी अनाथ दिसतो; तो तसाच झाकून फ्रीजमध्ये ठेवायचा. पण तेवढ्यात खाली फोन वाजला. मी पाच मिनिटांत आले, फार तर सात.

सासूबाई खापरावरचे मांडे करतात. ज्यांनी ते बघितलं नाही त्यांना काय सांगू! कणीक पाण्याचे हबके मारत मारत इतकी तिंबायची की ती तुटायचं विसरते. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मांडा कोपरापर्यंत येतो, आणि तसाच उचलून उलट्या खापरावर टाकायचा. कणीक तिंबताना त्यांचा खांदा असा चालतो की परात जागची हलू नये म्हणून पायानं दाबून धरावी लागते. अशा बाईसमोर मी एक भेगाळलेला गोळा उघडा टाकून गेले होते. त्यांना माझी दया आली. मी परत आले तेव्हा तो गोळा गुळगुळीत, मऊ, चमकदार झालेला होता. "आते पाय," त्या म्हणाल्या. किती प्रेमानं म्हणाल्या हो! मी काय बोलणार? मी तीच पारी ताटलीत बसवली. भट्टीत गेल्यावर काठ असे खाली सरकले की उंच ताटलीची बशी झाली, आणि ती बशी दाताखाली मोडेना. नणंदेच्या मुलांनी तिचा चेंडू-बॅटच्या खेळात काही वेळ उपयोग केला.

तिसऱ्या दिवशी गोळा फ्रीजमध्ये, आंब्यांच्या मागे, मेथीच्या जुडीखाली लपवून ठेवला.

भट्टी म्हणजे आमचा ओटीजी. तो स्वयंपाकघरात ठेवता येत नाही, कारण स्वयंपाकघरात अंडं जात नाही. आमच्याकडे अंड्याचा तवा वेगळा, गॅसची शेगडी वेगळी, ती मागच्या पडवीत. ओटीजीला मोठा प्लग लागतो, तो घरात मोकळा असा एकच, हॉलमध्ये, आणि त्यावर कूलर. म्हणजे कीश भाजायची तर कूलर बंद. आता हिशेब मांडा. पारी आधी नुसती भाजायची, २०० अंशांवर पंधरा मिनिटं, वजन काढून आणखी आठ-दहा. मग मिश्रण ओतून १८० अंशांवर चाळीस मिनिटं. बाहेर बेचाळीस अंश, आत ओटीजी, आणि मधे आमचं कुटुंब घामाघूम होऊन काचेतून पिवळा दिवा बघत बसलेलं. टीव्हीवर मॅच होती, पण कोणी तिकडे बघत नव्हतं. "फुगली का?" "नाही." "आता?" "नाही." "कूलर लावू का दोन मिनिटं?" नंदोई रविवारचे मुलांना भेटायला आले होते. ते उंबऱ्यातूनच "जरा बसस्टँडवर जाऊन येतो" म्हणाले आणि तासाभरानं आले.

नुसती पारी भाजताना ती खालून फुगते, म्हणून वर कागद पसरून कडधान्याचं वजन ठेवायचं असतं. मी सासूबाईंच्या डब्यातले मठ घेतले. मठ म्हणजे तुमच्याकडची मटकी. बारीक असल्यानं कोपऱ्याकोपऱ्यात छान बसली. गार झाल्यावर परत डब्यात ओतली. दाणा वाया घालवू नये असं संस्कार सांगतात. या मठांकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आत काय घालायचं यावर बैठक बसली. काहीही चालतं ना? नानांना भरीत पाहिजे. मी म्हटलं, नाना, बामणोदची वांगी थंडीत येतात, मे महिन्यात भरीत मागू नका. मग ठेचा तरी घाल, म्हणाले. लेकीला पालक आणि मशरूम. नणंदेच्या थोरल्याला चीज, आणि हिरवं काही दिसता कामा नये. धाकट्याला थोरल्यासारखं, पण वेगळं. नणंदेला वजन कमी करायचं आहे, म्हणून सायीविना. ह्यांना काहीही. मी वैतागून घरात होती ती गिलकी चिरून टाकली. गिलक्याच्या पोटात किती पाणी असतं हे मला माहीत असायला हवं होतं, मी काही विलायतेहून आलेली नाही. भाजी आधी परतून पाणी आटवायचं असतं. मी कच्चीच टाकली. कीश कापली तेव्हा ताटलीत तापी आली.

पण वरून रंग सुरेख होता, हे मी आजही सांगते. मधोमध जराशी थरथरत असतानाच बाहेर काढायची असते, तशीच काढली. तळ सुटा असलेला साचा होता, लेकीनं खास आणलेला. कौतुकाच्या भरात मी तो खालून तळहातावर उचलला. साच्याची कड सुटली आणि घरंगळत माझ्या कोपरापर्यंत आली. हातावर कीश, दंडाकडे सरकत निघालेली १८० अंशांची बांगडी, आणि ओरडावं तर कीश पडेल. सोन्याची पाटली कधी एवढ्या थाटात घातली नव्हती. नणंद म्हणाली, "वहिनी, थांब, फोटो काढते."

या सगळ्यात सासूबाई उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्यासाठी एक बिनअंड्याची केली. अंड्याच्या जागी डाळीचं पीठ. त्यात पाणी, थोडं दही, हळद, हिंग, हिरवी मिरची, कांद्याची पात. गॅसवर ढवळून दाटसर करायचं आणि पारीत ओतून भाजायचं. अंड्याचं मिश्रण जसं घट्ट होतं तसंच हेही होतं, वड्या सुरेख पडतात. या वेळी पारी जमली होती, पाणी नव्हतं, काठ उभे होते. माझ्या मते त्या सुट्टीतली ती सगळ्यात उत्तम कीश. त्यांच्यापुढे त्रिकोणी तुकडा ठेवला. त्यांनी बोटानं दाबून बघितलं, वास घेतला, एक घास खाल्ला, सावकाश चावला.

"हाई ते पिठलं शे."

मी म्हटलं, "आई, पण पारी बघा ना."

"पिठलं-पोळी शे. इतला येळ लागना पिठलं कराले?"

तीन दिवस, अर्धा किलो लोणी, एक भाजलेला हात, आणि कूलरविना काढलेल्या दुपारी. मी काही बोलले नाही. तुकडा संपला. थोड्या वेळानं ताटली माझ्याकडे सरकली. "आखो एक दे," त्या म्हणाल्या, देवाच्या तसबिरीकडे बघत. मी दिला, आणि सोबत कांदा फोडून दिला. कांद्यासोबत ती जास्तच चांगली लागते.

नणंद गेली, लेक पुण्याला परतली, कूलरला त्याचा प्लग मिळाला. आठ-दहा दिवसांनी सासूबाईंनी उसळीसाठी मठ भिजवले. रात्रभर पाण्यात, मग फडक्यात घट्ट पुरचुंडी, खुंटीला टांगून. दुसऱ्या दिवशी मोड नाहीत. ऊन आहे, येतील म्हणाल्या. तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी पुरचुंडी सोडली तेव्हा वास आला, मोड नाही. एक दाणा दोन बोटांत धरून त्यांनी उजेडात बघितला. "मरेल शेतस," त्या म्हणाल्या.

तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. २०० अंशांत पंधरा मिनिटं राहिलेला मठ कुठून मोड काढणार? मी तोंड उघडलं, पण त्या आधीच पदर खोचून, डब्यात उरलेले कोरडे मठ पिशवीत घेऊन निघाल्या होत्या. वीस वर्षांचं किराणा दुकान, महिन्याचं खातं, दिवाळीला तिथून मिठाई येते. मी गॅलरीतून बघत राहिले. लांबून फक्त हात हलताना दिसत होते. मग दुकानदारानं पिशवीत हात घातला, एक दाणा दातांखाली फोडला, आणि हसला.

सासूबाई परत आल्या. पिशवी तशीच. काही बोलल्या नाहीत. जेवणंही गुपचूप झाली. संध्याकाळी मला ओटीजीच्या डोक्यावर एक बरणी दिसली. आत ते मठ, आणि वर चिकटपट्टीवर नातवंडांच्या स्केचपेननं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: कीसचे मठ.

पुढच्या आठवड्यात वाणसामान आणायला मीच गेले. यादी पुढे केली. साखर, शेंगदाणे, तूरडाळ त्यानं मुकाट्यानं बांधली. मठाशी आल्यावर पेन थांबलं.

"वहिनी," तो म्हणाला, "कच्चे देऊ, का भाजून?"