गंज काढायच्या नादात नळी उघडी करू नका

पावसाळा सरला की कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका खुंटीवरून खाली येतात, आणि दरवर्षी तोच सल्ला नव्याने फिरू लागतो. नळीला गंज चढलाय, काळा रंग उडालाय? लिंबू, व्हिनेगर नाहीतर कोला लावून ठेवा, पॉलिश पेपरने चकचकीत घासा, वरून बाटलीतलं ब्ल्यूइंग, म्हणजे पोलाद निळसर काळं करणारं द्रावण, फिरवा. जास्तच खराब असेल तर गरम ब्ल्यूइंग करून घ्या. बंदूक नव्यासारखी होते आणि पुन्हा गंजत नाही.

आमच्या घरात तात्यांची दुनळी आहे. आधी डुकरांसाठी होती, आता वानरांसाठीही लागते. हा सल्ला ऐकून वाया गेलेल्या नळ्या मी पाहिल्या आहेत, म्हणून त्यातली एकेक गोष्ट तपासून लिहितोय.

सुरुवात लिंबापासून. नळीवरचा निळसर काळा थर हा रंग नव्हे. तो लोखंडाचाच ऑक्साइड आहे, मॅग्नेटाइट. म्हणजे एका अर्थी तोही गंजच, फक्त घट्ट बसलेला आणि काळा. त्याची जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा. लिंबाच्या किंवा कोलातल्या आम्लाला लाल आणि काळा हा भेद कळत नाही, ते दोन्ही खाऊन टाकतं. गंजाचा डाग रुपयाएवढा होता, आता वीतभर नळी पांढरी पडली. आणि आपल्या दमट, खारट हवेत उघडं पोलाद एका रात्रीत तांबूस होतं.

पॉलिश पेपरचं नुकसान याहून मोठं. पेपर गंजाबरोबर धातूही नेतो. कडा गोल होतात, नक्षी पुसट होते, आणि मुख्य म्हणजे नंबर जातो. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 8 प्रमाणे बंदुकीवरचा नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं हा गुन्हा आहे. ज्याच्या ताब्यात अशी बंदूक सापडेल त्यानेच ती खूण पुसली असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर येते. चांगल्या हेतूने घासणाऱ्या माणसाने परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी हे कुणाकुणाला समजावत बसायचं? नंबराच्या आसपास पेपर नेऊच नका, अगदी बारीक असला तरी.

बाटलीतल्या थंड ब्ल्यूइंगबद्दल थोडक्यात. त्यात बहुधा सेलेनियमची आम्लं आणि तांब्याचे क्षार असतात. पुसल्यावर दिसणारा काळा थर मॅग्नेटाइटचा नसतोच, तो वरवर बसलेला तांबे-सेलेनियमचा पातळ पापुद्रा असतो आणि हाताच्या घासण्याने जातो. एखादा ओरखडा झाकायला ठीक. अख्ख्या नळीवर लावलं तर ढगाळ डाग उठतात. शिवाय सेलेनियम विषारी आहे, हातमोजे हवेतच.

गरम ब्ल्यूइंगचा सल्ला एकनळीला चालेल, दुनळीला तो घात आहे. त्या टाकीत कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं द्रावण 140 अंश सेल्सियसच्या आसपास उकळत असतं. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा कथिल-शिशाच्या डाखाने जोडलेली असते, आणि तापलेला कॉस्टिक नेमका तो डाख खातो. पट्टीखालच्या पोकळीत शिरलेलं द्रावण आतच राहतं आणि पुढे कित्येक महिने आतून कुरतडत बसतं. म्हणून दुनळीला जुनी, सावकाश पद्धत वापरतात. सौम्य द्रावणाने मुद्दाम बारीक गंज चढवायचा, नळी पाण्यात उकळायची, घासायची, आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं.

तात्यांच्या दुनळीसाठी मी कोल्हापूरच्या एका परवानाधारक कारागिराकडे गेलो. बंदूक दुरुस्तीला कलम 5 खाली परवाना लागतो, तेव्हा रंगाचं काम अशाच माणसाकडे द्या. नळीवर एका जागी गंजात अंगठ्याचा ठसा उमटला होता, रेषान् रेषा मोजता येईल असा. घामाच्या मिठाने तो कोरला होता. कारागिराने मी आणलेला पॉलिश पेपर बाजूला ठेवला. ‘‘रंग काढायचा न्हाई ओ, लाल हाय तेवढं काळं करायचं.’’ दस्ता वेगळा करून, तेल धुऊन त्याने नळी लांबट हौदात स्वच्छ पाण्यात उकळली. अर्ध्या तासाने बाहेर काढली तेव्हा तांबूस ठसा काळा झाला होता. लाल गंजाचंच मॅग्नेटाइट झालं होतं. वरची काजळी त्याने अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने उतरवली आणि नळी गरम असतानाच तेल दिलं.

घरी आपण करायचं ते एवढंच: बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची, डागावर बंदुकीचं तेल रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी शून्य-शून्य-शून्य-शून्य नंबरच्या, म्हणजे अगदी बारीक, स्टील वूलला तेल लावून बोटाच्या टोकाने फिरवायचं. खड्डे लागले तर थांबायचं. नळीला आतून खड्डे पडले असतील तर कारागिराने तपासल्याशिवाय बार काढायचा नाही.

राहिलं ‘पुन्हा गंजत नाही’. ब्ल्यूइंग, मग ते कुठलंही असो, गंज फारसा थोपवत नाही. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेल धरून राहतं, राखण ते तेल करतं. खोबरेल नको, ते खवट होऊन आम्ल सोडतं. चामड्याच्या किंवा कापडी खोळीत बंदूक ठेवू नका, खोळ ओल धरते. ठासणीची असेल तर काळ्या दारूचं किटण तेलाने निघत नाही, आधी गरम पाणी आणि साबण, नीट सुकवणं, मग तेल. आमच्याकडे जून ते सप्टेंबर दर रविवारी तेलाचा फडका फिरतो, आणि नळीला हात लागला असेल तर त्याच संध्याकाळी.

अंगठ्याचा ठसा अजून आहे, उजेडात तिरकं धरलं की दिसतो. तो घासून काढायचा नाही, असं तात्यांनी सांगितलंय.