‘मोठा ड्रायव्हर, दमदार बास’ : इअरफोनच्या एका फॉरवर्डचा प्रतिवाद

स्वस्तातला वायरवाला इनइअर, म्हणजे कानाच्या भोकात बसणारा, इअरफोन कसा निवडावा, हे शिकवणारा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपांवर फिरतो. त्याचं म्हणणं असं: ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर) जितक्या जास्त मिलिमीटरचा, तितका बास, म्हणजे खालचे सूर, दमदार. डब्यावर २० ते २०,००० हर्ट्झ लिहिलेलं हवं, ४०,००० असेल तर सोन्याहून पिवळं. बॉडी धातूची आणि जॅक सोनेरी बघा. लोकलने जाणाऱ्यांनी मात्र वायरच्या भानगडीत न पडता त्याच पैशात ब्लूटूथ घ्यावा. आणि एवढं करूनही आवाज आवडला नाही, तर शंभर तास वाजवत ठेवा, तो ‘खुलतो’.

सगळी यादी डब्यावरची. ज्या कानात ही वस्तू जायची, त्याचा त्यात उल्लेखच नाही, आणि गफलत नेमकी तिथेच आहे.

आधी ड्रायव्हर घेऊ. खोलीत ठेवलेल्या स्पीकरला खोलीभर हवा हलवायची असते, तिथे आकार मोठा लागतो. इनइअरचं तसं नाही. टोकावरची रबरी टिप कानात नीट बसली, की तिच्या आणि कानाच्या पडद्याच्या मध्ये घनसेंटिमीटरभर, बहुधा त्याहूनही कमी, हवा उरते. एवढ्याशा बंद जागेत खालचे सूर उमटवायला छोटा ड्रायव्हरही पुरतो. १९९१ साली आलेल्या एटिमोटिकच्या ईआर-४ मध्ये प्रत्येक कानाला एकच चिमुकला बॅलन्स्ड आर्मेचर (श्रवणयंत्रात असतो त्या जातीचा) ड्रायव्हर होता, आणि स्पष्ट आवाजासाठी त्याचं नाव आजही घेतलं जातं. म्हणून ‘दोन ड्रायव्हर, चार ड्रायव्हर’ या जाहिरातींनीही हुरळून जाऊ नये. एकच ड्रायव्हर नीट बसवलेला असेल, तर तो एकमेकांशी न जुळणाऱ्या चौघांपेक्षा बरा.

बास कमी-जास्त होतो तो इतर कारणांनी. एक म्हणजे बॉडीवरची ती टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं. ती किती आणि कुठे ठेवायची, त्यामागे कागदाची किंवा कापडाची कोणती जाळी लावायची, यावर खालच्या सुरांचं प्रमाण बरंच ठरतं. दुसरं आणि त्याहून मोठं कारण म्हणजे टिप, ते सिलिकॉनचं रबर. ते सैल बसलं की फटीतून दाब निसटतो आणि बास गायब. डब्यात तीन मापांची रबरं येतात, पण बहुतेक लोक कारखान्यातून लावून आलेलं मधलंच वर्षभर वापरतात आणि वर ‘यात दम नाही’ म्हणून इअरफोनलाच नावं ठेवतात. दोन्ही कानांचं माप एक असेल असंही नाही. डावीकडे मधलं आणि उजवीकडे मोठं लावायला कुणाची बंदी नाही. घालताना दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग जरासा वर-मागे ओढला, की टिप सरळ आत जाते. हे फुकटचे उपाय करून मगच आवाजावर मत द्यावं.

आता हर्ट्झ. २० ते २०,००० ही माणसाच्या ऐकण्याची पुस्तकी मर्यादा, त्यामुळे फुटपाथवरच्या इअरफोनच्या डब्यावरही ती छापलेली असते. त्या टप्प्यात आवाज किती डेसिबलने वर-खाली होतो हे सांगितलं नसेल, तर त्या आकड्यातून काहीच कळत नाही. ४०,००० चा आकडा ‘हाय-रेस ऑडिओ’च्या शिक्क्यासोबत येतो. जपान ऑडिओ सोसायटीच्या त्या शिक्क्याची अट ४० किलोहर्ट्झपर्यंत पोचण्याची आहे. तिथलं माणसाला ऐकूच येत नाही. चाळिशीनंतर तर बहुतेकांना १५-१६ हजारांच्या वरचंही फारसं येत नाही.

महत्त्वाचा आहे तो मधल्या सुरांचा तोल. मोकळा कान ३,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर आपणहून उचलून धरतो. इनइअरने भोक बुजलं की ही नैसर्गिक उठावणी बिघडते, म्हणून ती इअरफोनलाच भरून द्यावी लागते. कमी दिली तर गायक पडद्याआडून गातोय असं वाटतं, जास्त दिली तर तो अंगावर येतो. ऐकणाऱ्यांना सरासरी कोणता तोल आवडतो, यावर हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि सहकाऱ्यांनी बरंच संशोधन केलं. कोणता सूर किती उठतो हे दाखवणाऱ्या त्या धर्तीच्या आलेखांकडे बघून ट्यूनिंग करणं, म्हणजे सुरांचा तोल बसवणं, आता महागड्या कंपन्यांपुरतं राहिलेलं नाही. २०२२ साली आलेले मूनड्रॉपचा चू आणि सेव्हनहर्ट्झचा सालनोट्स झीरो हे दोन्ही १० मिलिमीटरच्या एकाच ड्रायव्हरचे, परदेशात साधारण २० डॉलरला विकले गेलेले. दोघांचाही तोल त्यांच्या किमतीला लाजवणारा होता.

पारखायला यंत्र लागत नाही. तबला चांगला टिपलेलं रेकॉर्डिंग लावा. डग्ग्याची घुमक वेगळी कळते, की सगळी मिळून नुसती धमधम होते? मग एखादा अभंग. टाळ झणझणले पाहिजेत, टोचता कामा नयेत. शेवटी बातम्या देणाऱ्या बाईंचा आवाज. ‘स’ आणि ‘श’ शिट्टीसारखे कानात घुसत असतील, तर गाणी ऐकून तासाभरात डोकं उठणार. अडचण एवढीच की मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडवरही इनइअर कानात घालून बघू देणारा दुकानदार विरळाच. त्यात त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. म्हणून बदलून मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारावं.

धातू आणि सोनं यांना एवढी जागा नको. धातूच्या बॉडीने वजन वाढतं, आवाज सुधारेलच असं नाही. जॅकवरचा मुलामा गंज रोखतो, मुंबईच्या दमट हवेत तेवढा उपयोग आहेच. बघायचं ते वायर जॅकमधून बाहेर पडते तिथे, कारण स्वस्त इअरफोन मरतो तो तिथेच. तिथे लवचीक रबरी बाही हवी. वायर सुटी होणारी असेल, तर ती तुटल्यावर फक्त वायर बदलता येते. वायर शर्टावर घासल्याची खरखर कानात येत असेल, तर ती कानामागून वळवून घालावी, बरीच कमी होते.

लोकलचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. लोकलच्या डब्याची खालच्या सुरातली घरघर कापायला काही ब्लूटूथमधलं नॉइज कॅन्सलेशन (बाहेरच्या आवाजाची उलटी लहर सोडून तो दाबणं) खरोखरच सरस. पण नीट बसलेली टिप गलका आणि भांडणं बऱ्यापैकी अडवते. पुढच्या स्टेशनची घोषणाही अडवते, तेवढं लक्षात ठेवा. आणि ‘त्याच पैशात’ हे कसं? हजार रुपयांच्या ब्लूटूथमध्ये बॅटरी, चिप, माईक आणि चार्जिंगची डबी आल्यावर ड्रायव्हर-ट्यूनिंगला उरतं किती? घरघरीवर मात करायला आवाज वाढवत नेणं मात्र दोन्हीत वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, त्यापुढे धोका. वायरची खरी अडचण फोनकडून येते, कारण बऱ्याच फोनांतून इअरफोनचं गोल भोक, म्हणजे जॅक, गेला. चार्जिंगच्या टाइप-सी भोकात लावायचा साधा कनेक्टर काही फोनवर चालतच नाही, तिथे स्वतःचा डॅक (फोनमधल्या डिजिटल आकड्यांचा आवाजाचा संकेत करणारी चिप) असलेला लागतो. दुकानात आपलाच फोन लावून बघावा.

राहिले शंभर तास. इतक्या छोट्या ड्रायव्हरमध्ये वापराने होणारा बदल नगण्य. बदलतो तो आपला कान, त्याला सवय होते. कल्याणहून सीएसएमटीला जाऊन-येऊन रोज अडीच तास ऐकणाऱ्याला शंभर तास भरायला चाळीस दिवस लागतील, आणि बदलून मिळायची मुदत असलीच तर बहुधा आठवड्याभराची असते.